ओळखीचा देश, परका कायदा

(पर्यटन, व्यवसाय वा नोकरीच्या निमित्ताने थायलंडला जाऊ इच्छिणाऱ्यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



थायलंडमध्ये पाऊल ठेवणाऱ्या मराठी माणसाला परकेपणा फारसा जाणवत नाही. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. भोवतालच्या बोलण्याकडे नीट कान दिला, तर आहाराला ‘आहान’, वेळेला ‘वेला’, भाषेला ‘फासा’ आणि देशाला ‘प्रथेत’ म्हणतात, हे ध्यानी येते. जुन्या राजधानीचे नाव अयोध्येवरून पडलेले, अयुत्थया. १७८२ पासून गादीवर असलेल्या चक्री घराण्याचे राजे ‘राम’ या नावाने मोजले जातात. २०१६ साली गादीवर आलेले महाराज वजिरालोंगकोर्न हे दहावे राम. तिथल्या ललित कला विभाग या सरकारी खात्याच्या बोधचिन्हावर साक्षात गणपती आहे. परतीच्या प्रवासात प्रस्थानाच्या दालनात समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आपल्याला निरोप देते. हे सारे पाहून कोणाही भारतीयाचे मन भरून यावे, यात नवल नाही.

मला आज बोलायचे आहे ते या भरून आलेल्या मनाला असणाऱ्या धोक्याविषयी. जर्मनीला किंवा जपानला निघालेला माणूस बिचकत जातो, चार जाणत्यांना नियम विचारतो, कागद दोनदा तपासतो. थायलंडला निघालेला माणूस मात्र ‘ते तर आपलेच आहे’ म्हणून सैल असतो. त्यात भर पडते ती तिथल्या हसऱ्या चेहऱ्यांची. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून स्वतः संकोच सोसण्याच्या वृत्तीला थायी भाषेत ‘क्रेंग चाय’ असा शब्द आहे. आपण रांग मोडली, दुकानात आवाज चढवला, भाव पाडता पाडता हमरीतुमरीवर आलो, तरी समोरचा माणूस हसून ‘माय पेन राय’ म्हणेल. शब्दशः अर्थ, ‘काही हरकत नाही’. प्रत्यक्षात त्याची हरकत असते, पण ती चारचौघांत बोलून दाखवणे त्याच्या संस्कारात बसत नाही. आणि तिथला कायदा तर कधीच ‘माय पेन राय’ म्हणत नाही. तो कसा आहे हे सांगण्याआधी थोडे देवळांविषयी बोलतो, कारण आपल्या मंडळींची पहिली चूक बहुधा तिथे होते.

देव ओळखीचे, रीत त्यांची

बँकॉकच्या भर चौकात, राचप्रसोंग येथे, चतुर्मुख ब्रह्मदेवाचे स्थान आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिथे मात्र १९५६ साली स्थापन झालेल्या या मूर्तीपुढे दिवसभर झेंडूच्या माळा, उदबत्त्या, लाकडी हत्ती आणि नवस फेडणाऱ्यांनी करवलेली नृत्ये सुरू असतात. श्रद्धा किती तीव्र आहे, हे एका घटनेवरून कळेल. २००६ च्या मार्चमध्ये एका मनोरुग्णाने ही मूर्ती फोडली, तेव्हा भोवतालच्या लोकांनी त्याला जागच्या जागी ठार मारले. पुढे ऑगस्ट २०१५ मध्ये याच आवारात झालेल्या बॉम्बस्फोटात २० जणांचा बळी गेला. तरीही दोन दिवसांत लोक पुन्हा हात जोडून उभे होते. अशा ठिकाणी ‘ब्रह्मदेव तर आमचाच’ असे म्हणत मूर्तीला कुंकू लावायला पुढे सरसावू नये, नारळ फोडायला जागा शोधू नये. इतर भाविक जे करतील तेवढेच करावे.

भव्य राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केओ या मंदिराच्या ओवऱ्यांमध्ये ‘रामकियन’ची १७८ भित्तिचित्रे आहेत. रामकियन म्हणजे थायी रामकथा. त्यात हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणकन्या सुवर्णमत्स्या, थायी उच्चारात सुफन्ना मच्छा, हिच्याशी त्याचा प्रणय तिथे आवडीने रंगवला जातो. आपल्यातील काही मंडळी हे ऐकून वाटाड्याला दुरुस्त करू लागतात. कृपया करू नका. शतकानुशतके त्या लोकांनी ही कथा जपली, राजवाड्याच्या भिंतींवर रंगवली, मुखवटे लावून नाचवली. आपण ती ऐकायला गेलेलो असतो.

पोशाखाचा नियम साधा आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपल्या साड्या आणि सलवार-कुडते यात सहज बसतात. अडचण होते ती सहलीसाठी मुद्दाम विकत घेतलेल्या बर्म्युडांची. देवळात चपला बाहेर, उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हे आपल्याला नव्याने शिकावे लागत नाही. पण बुद्धमूर्तीसमोर बसताना तळपाय मूर्तीकडे होणार नाहीत, याची दक्षता आपण विसरतो. मांडी घालण्यापेक्षा पाय मागे दुमडून बसावे. कोणाच्या डोक्याला हात लावू नये. लहान मुलाचे कौतुक म्हणून केसांवरून हात फिरवण्याची आपली सवय तिथे आवरावी, आणि बालभिक्षूच्या बाबतीत तर कटाक्षाने. स्त्रियांनी भिक्षूला स्पर्श करू नये, त्याच्या हातात थेट वस्तू देऊ नये. बसमध्ये वा विमानतळावर भिक्षूंसाठी राखीव आसने असतात.

अयुत्थया १७६७ साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केले. तिथे शिर नसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा आहेत. त्यांच्या धडामागे उभे राहून आपले डोके तिथे बसवल्याची छायाचित्रे काढणारे पर्यटक तिथल्या माणसाला काय वाटायला लावत असतील, याचा विचार ज्यांच्या देशातही अशाच भग्न मूर्ती आहेत त्यांनी तरी करायला हवा. वाट महाथात येथे झाडाच्या मुळांत गुंतलेले बुद्धाचे मस्तक आहे. त्याच्यासोबत छायाचित्र काढताना गुडघ्यांवर बसून आपले डोके त्याच्याहून खाली ठेवायचे असते. आणि दिवाणखान्यासाठी म्हणून बुद्धमूर्ती विकत घेताना लक्षात ठेवा की, तिच्या निर्यातीला ललित कला विभागाची परवानगी लागते; होय, तोच गणपतीच्या बोधचिन्हाचा विभाग. गळ्यात घालायचे छोटे ताईत याला अपवाद.

नमस्काराचे सांगतो. थायी ‘वाय’ आपल्या नमस्कारासारखाच. मात्र लहानाने मोठ्याला आधी करायचा, अशी तिथली उतरंड आहे. दुकानातील मुलीने हात जोडले तर हसून मान लवली तरी पुरते. भिक्षू उलट नमस्कार करत नाहीत, त्यांचा तो अनादर समजू नये. सकाळी आठ आणि सायंकाळी सहा वाजता स्थानकांत, उद्यानांत राष्ट्रगीत वाजते. सारे जागच्या जागी उभे राहतात. आपणही उभे राहावे.

हसऱ्या देशाचे कडक कायदे

आता कायदा. सर्वांत आधी दंडसंहितेचे ११२ वे कलम. राजा, राणी, युवराज वा राजप्रतिनिधी यांची निंदा, अपमान किंवा धमकी यासाठी प्रत्येक गुन्ह्यामागे ३ ते १५ वर्षे कारावास. हे कलम परदेशी व्यक्तींनाही लागू आहे, आणि भ्रमणध्वनीवरून पुढे पाठवलेला मजकूरही त्यात येतो. चलनी नोटेवर राजाचे चित्र असते, म्हणून वाऱ्याने उडालेली नोट पायाने दाबू नये. ‘आपण मराठीत बोलतोय, कोणाला कळतंय’ हा भ्रम बाळगू नये. आणखी एक सांगतो, जे पर्यटन-पुस्तिकांत सहसा नसते: आपल्या थायी मित्राला राजघराण्याविषयी मत विचारू नका. तुम्हाला कुतूहल शमवायचे असते, पण उत्तर देणारा मात्र संकटात पडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राजमाता सिरिकित यांचे निधन झाले, तेव्हा साऱ्या देशाने काळी-पांढरी वस्त्रे धारण केली होती. असा प्रसंग आला तर पर्यटकानेही भडक पोशाख आणि गोंगाट टाळावा.

दुसरा कायदा ऐकून सभागृहात हसू येईल, पण तो हसण्याचा नाही. आपले सहल-गट संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत रमीचा किंवा तीन पत्तीचा डाव मांडतात. थायलंडमध्ये जुगाराचा कायदा १९३५ चा आहे आणि परवानगीशिवाय १२० हून अधिक पत्ते बाळगणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टाया येथे पोलिसांनी एका ब्रिज मंडळावर छापा घालून ३२ परदेशी खेळाडूंना ताब्यात घेतले. बहुतेक सारे वृद्ध, आणि पैसे न लावता खेळणारे. मे २०२३ मध्ये त्याच शहरातील एका हॉटेलात जुगारप्रकरणी ८० हून अधिक भारतीयांना अटक झाली. तेव्हा पत्त्यांची जोडी घरीच ठेवून जावे, हे उत्तम.

विद्युत सिगारेट, ज्याला तरुण मंडळी ‘व्हेप’ म्हणतात, तिच्या आयातीवर २०१४ पासून आणि विक्रीवर २०१५ पासून बंदी आहे. रस्त्यावर ती उघड विकली जाताना दिसेल. विकणारा निसटतो, ओढणारा पर्यटक सापडतो.

गांजाचे प्रकरण अधिक गंभीर आहे आणि त्याचे दुसरे टोक आपल्या मुंबईत आहे. जून २०२२ मध्ये थायलंडने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला. तीन वर्षांत तिथे हजारो दुकाने उघडली. जून २०२५ मध्ये सरकारने पुन्हा लगाम घातला आणि वैद्यकीय चिठ्ठीविना गांजाचे फूल विकण्यास मनाई केली. भारतात मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात तसूभरही सूट नाही. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात मातीविना, केवळ पाण्यात वाढवलेला महागडा गांजा सापडल्याच्या बातम्या गेली काही वर्षे मुंबई विमानतळावरून सतत येत आहेत. पकडले जाणारे बरेचदा विशी-तिशीतले असतात. त्यांना काय सांगितलेले असते? ‘जाण्या-येण्याचे तिकीट आमचे, चार दिवस हॉटेल आमचे, येताना एक बॅग तेवढी आण.’ व्यापारी प्रमाणातील मालासाठी शिक्षा १० ते २० वर्षांची आहे, आणि बॅगेत काय होते हे ठाऊक नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार प्रत्यक्षात त्या मुलावरच येऊन पडतो. म्हणून आपल्या घरातील मुलगा कोणाच्या तरी खर्चाने बँकॉकला निघाला असेल, तर त्या ‘कोणाच्या तरी’चे नाव विचारा. दुसऱ्याची बॅग, मग ती शेजाऱ्याची असो वा सहप्रवाशाची, हाती धरू नका. आपली औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणि ३० दिवस पुरतील इतकीच न्यावीत. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तर हे विशेष पाळावे.

पट्टायाविषयी संकोच न करता बोलतो. वेश्याव्यवसाय तिथे १९९६ च्या कायद्याने बेकायदेशीर आहे, आणि अल्पवयीनांशी संबंधित गुन्ह्यांत कोणाचीही गय केली जात नाही. दिव्यांच्या झगमगाटात हे कोणी सांगत नाही. त्या रस्त्यांवर स्त्रियांची छायाचित्रे काढणे, घोळक्याने मागे लागणे, किनाऱ्यावर दारू पिऊन धिंगाणा घालणे या वर्तनाच्या चित्रफिती थायी समाजमाध्यमांवर फिरतात, आणि मग मागाहून येणाऱ्या प्रत्येक भारतीय कुटुंबाकडे त्याच नजरेने पाहिले जाते.

कागद, पैसा, खाणे, रस्ता

भारतीयांना व्हिसाविना प्रवेशाची सवलत नोव्हेंबर २०२३ मध्ये ३० दिवसांसाठी मिळाली आणि जुलै २०२४ पासून ती ६० दिवसांची झाली. ही मुदत घटवण्याचा विचारही त्यानंतर तिथे झाला. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मेहुण्यांवर विसंबू नये. तिकीट काढण्यापूर्वी थायी दूतावासाचे अथवा मुंबईतील थायी वाणिज्य दूतावासाचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे. १ मे २०२५ पासून आगमनाचे पत्रक संगणकावर भरावे लागते, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते विनामूल्य आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ बनावट समजावे. परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण आणि पुरेशा पैशाचा पुरावा हाताशी असू द्यावा. अधिकारी विचारतीलच असे नाही, पण विचारले तर हसून वेळ मारून नेता येत नाही. मुदतीपेक्षा अधिक राहिल्यास दिवसाला ५०० बात दंड, कमाल २०,००० बात. ९० दिवसांहून अधिक राहिलेल्याला वर्षभर प्रवेशबंदी. आणि आपण होऊन हजर न होता पोलिसांना सापडलात तर बंदी किमान पाच वर्षांची.

एक गंमत. तिथे बुद्ध संवत चालते, आपल्या इसवी सनाहून ५४३ वर्षे पुढे. २०२६ म्हणजे तिथले २५६९. दुधाच्या पिशवीवर ‘६९’ पाहून घाबरू नये, पण भाडेकरारावरील तारीख मात्र नीट मोजून घ्यावी.

राजवाड्यापाशी एक सभ्य गृहस्थ भेटतो आणि सांगतो, ‘आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, चला, दुसरी देवळे दाखवतो.’ तो आपल्या टुकटुकमध्ये बसवून रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेतो. राजवाडा साधारणपणे रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन खुला असतो. दारापर्यंत जाऊन स्वतः पाहावे. ‘सरकारी योजना, आज शेवटचा दिवस’ म्हणून विकली जाणारी माणके कोणत्याही सरकारची नसतात. दुकानदार हिंदीत बोलू लागला, ‘भाईसाहब’ म्हणाला, की आपला हात खिशाकडे जातो. तो थोडा थांबवावा. यंत्रातून पैसे काढताना प्रत्येक वेळी २०० बातहून अधिक शुल्क लागते, म्हणून थोडे थोडे काढू नयेत. आणि ‘रुपयांत आकारणी करू का’ या प्रश्नाला नकार द्यावा, तिथला दर महाग असतो.

शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द पाठ करण्यासारखे आहेत. एक ‘मांगसविरत’, म्हणजे आपला मांसविरती. त्यात अंडे-दूध चालते. दुसरा ‘जे’. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. त्यात मांस-मासे-अंडी-दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे जवळजवळ आपल्या उपासनेचा आहार. नुसते ‘व्हेजिटेबल’ म्हटले तर भाज्यांत ‘नाम प्ला’, म्हणजे माशांचे पाणी, किंवा ‘कापि’, म्हणजे कोळंबीचा लगदा, हमखास येतो. वाढणाऱ्याच्या मते ती भाजीच असते. ‘माइ साइ नाम प्ला’, नाम प्ला घालू नका, असे सांगावे. कडक व्रत असणाऱ्यांनी बँकॉकमध्ये फाहुरात भागात जावे. तिथल्या गुरुद्वारात आणि आसपासच्या भारतीय खाणावळींत सोय होते.

रस्त्यांबाबत मी आग्रहाने सांगतो. थायलंडच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सर्वांत मोठा आहे. फुकेतमध्ये दोन-तीनशे बातमध्ये दुचाकी मिळते, परवाना कोणी विचारत नाही. अपघातानंतर मात्र विमा कंपनी पहिल्यांदा तोच विचारते. दुचाकीसाठी वैध आंतरराष्ट्रीय परवाना आणि शिरस्त्राण नसेल, तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि खासगी रुग्णालयाचे देयक कुटुंबाची आयुष्यभराची बचत खाऊन टाकते. दुचाकी असो वा समुद्रावरची जेट-स्की, पारपत्र तारण ठेवू नये, आणि वाहन घेण्यापूर्वी त्याच्यावरील प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढावे.

समुद्राचे गणित आपल्या कोकणासारखेच आहे. फुकेत-क्राबीच्या अंदमान किनाऱ्याला मे ते ऑक्टोबर हा पावसाळा. आखातातल्या सामुई बेटावर पाऊस मागाहून, ऑक्टोबर ते डिसेंबर. लाल निशाण असेल तर घोटाभर पाण्यातही उतरू नये. ५ जुलै २०१८ रोजी खराब हवामानाचा इशारा असताना समुद्रात गेलेली ‘फिनिक्स’ ही नौका फुकेतजवळ बुडाली आणि ४७ पर्यटक मृत्युमुखी पडले. सहल-चालकाने पैसे परत देण्यास नकार दिला, तरी अशा दिवशी नौकेत बसू नये. दक्षिणेकडील याला, पट्टानी आणि नराथिवात हे प्रांत २००४ पासून अशांत आहेत, आणि २०२५ मध्ये कंबोडियाच्या सीमेवर दोनदा सशस्त्र संघर्ष झाला. जमिनीवरून सीमा ओलांडण्याचा बेत ताज्या सूचना पाहिल्याशिवाय आखू नये.

राहायला जाणाऱ्यांसाठी

दीर्घकाळ राहणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे. त्यांना थोडक्यात सांगतो. घरमालकाने परदेशी भाडेकरूची नोंद २४ तासांच्या आत द्यायची असते. ती दिली की नाही हे आपण विचारून घ्यावे. सलग ९० दिवस राहिल्यावर आपला पत्ता कळवावा लागतो. मुदतवाढ मिळालेली असताना पुनःप्रवेशाचा परवाना न घेता भारतात लग्नाला आलात, तर ती मुदतवाढ तिथेच संपते. परदेशी व्यक्तीला सामान्यतः जमीन घेता येत नाही. सदनिका घेता येते, तीही इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्राच्या मर्यादेत. ‘थायी भागीदार नावापुरता ठेवू’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो गुन्हा आहे. वाटाड्याचे काम थायी नागरिकांसाठी राखीव आहे. आपल्या सहल-कंपनीचा मराठी व्यवस्थापक सोबत असणे वेगळे आणि त्याने देवळात उभे राहून माहिती सांगणे वेगळे. पोलीस हा भेद करतात.

आमिष आणि नदी

आता ज्यासाठी हा मेळावा आहे तो विषय. समोर बरेच तरुण बसले आहेत, त्यांनी हे नीट ऐकावे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता की, थायलंडमध्ये ‘डिजिटल विक्री व विपणन’ अधिकारी म्हणून नेमणुका देऊ करणाऱ्या बनावट कंपन्या संगणक-शिक्षित तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबत आहेत. तिथे त्यांच्याकडून दूरध्वनी आणि आभासी चलनाच्या माध्यमातून जगभरच्या लोकांना फसवण्याचे काम करवले जाते. नकार देणाऱ्याला मारहाण होते, सुटकेसाठी घरच्यांकडून पैसे मागितले जातात. इशाऱ्यानंतरही ओघ थांबला नाही. मार्च २०२५ मध्ये दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडच्या माए सोत येथून वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये म्यावड्डीजवळच्या एका मोठ्या तळावर कारवाई झाली, तेव्हा शेकडो भारतीय नदी ओलांडून माए सोतला पळाले, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा विमाने पाठवावी लागली.

हा मार्ग कसा असतो, ते समजून घ्या. मुलगा बँकॉकला उतरतो. विमानतळावर त्याच्या नावाची पाटी घेऊन गाडी उभी असते. कार्यालय ‘शहराबाहेर’ आहे असे सांगितले जाते. गाडी वायव्येकडे सुमारे पाचशे किलोमीटर जाते. शेवटी मोएई नावाची अरुंद नदी येते. पलीकडे म्यावड्डी. नदी ओलांडली की थायलंडचे पोलीस, थायलंडमधला आपला दूतावास, सारेच अलीकडे राहते. या प्रवासाला सात-आठ तास लागतात, आणि गाडी पेट्रोलसाठी, जेवणासाठी थांबते. उतरून निघून जाण्याची, आरडाओरडा करण्याची संधी असते ती एवढीच. भ्रमणध्वनीवरील नकाशा उघडा ठेवा. गाडी बँकॉक सोडून ताक प्रांताकडे चालली असेल, तर पेट्रोल पंपावर उतरा आणि ११५५ हा पर्यटक पोलिसांचा क्रमांक लावा. तिथे इंग्रजी समजते. सामान गेले तर जाऊ द्या.

पण खरी परीक्षा इथे, घरी आहे. थायलंडमध्ये कायदेशीर नोकरीसाठी आधी योग्य प्रकारचा व्यावसायिक व्हिसा आणि मग कामाचा परवाना लागतो. परदेशी कर्मचारी ठेवणाऱ्या कंपनीला सामान्यतः प्रत्येक परदेशी माणसामागे चार थायी कर्मचारी आणि वीस लाख बात भांडवल दाखवावे लागते. असा मालक तुम्हाला ‘आधी पर्यटक म्हणून या, कागद मागाहून करू’ असे का सांगेल? हे एक वाक्य ऐकले की बोलणे तिथेच थांबवावे. टंकलेखनाची चाचणी आणि दहा मिनिटांची चित्रमुलाखत एवढ्यावर लाखभर रुपये पगार देणारी कंपनी पुण्यात असती तर तुम्ही विश्वास ठेवला असता का? दलाल परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ते पाहा. दलाल बहुधा आपल्यातलाच असतो, आपली भाषा बोलतो, गावाकडची ओळख सांगतो. म्हणूनच त्याचे कागद परक्याच्या कागदांपेक्षा अधिक काटेकोरपणे तपासायचे.

मघाशी एका मातेने चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, मुलगा गेला आणि फोन बंद झाला तर काय करावे. पहिले, दलालाशी वाद घालू नये, त्याला सावधही करू नये. त्याचे संदेश, बँकेच्या पावत्या, मुलाने पाठवलेले शेवटचे ठिकाण, विमानाचे तिकीट हे सारे जपून ठेवावे. दुसरे, त्याच दिवशी स्थानिक पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि तिची प्रत घ्यावी. तिसरे, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर नोंद करावी. मुलगा अजून थायलंडमध्ये असावा असे वाटत असेल, तर बँकॉकमधील सुखुमवित मार्गावरील सोई २३ येथील आपल्या दूतावासाला कळवावे. उत्तर भागात असेल तर चियांग माई येथेही वाणिज्य दूतावास आहे. नदी ओलांडली असल्याची शंका असेल, तर यांगोनच्या दूतावासालाही त्याच वेळी लिहावे, कारण तो प्रदेश त्यांच्या कक्षेत येतो. खंडणीचा फोन आला तर पैसे पाठवण्याआधी पोलिसांना सांगावे. पैसे दिल्यानंतरही न सोडलेली मुले आहेत. आणि मुलाशी बोलणे झालेच, तर त्याला एवढे सांगा की, सुटून माए सोतला पोहोचल्यावर थायी अधिकाऱ्यांसमोर घाबरून खोटे बोलू नकोस. बेकायदा सीमा ओलांडल्याबद्दल त्याला काही काळ ताब्यात ठेवतील, पण आपल्याला फसवून नेले होते हे पहिल्याच जबाबात सांगितले, तर मानवी तस्करीचा बळी म्हणून त्याची छाननी होते. त्या छाननीत घरी ठेवलेले हे कागद लागतात, म्हणून त्यांची एक प्रत दूतावासाकडे आधीच पोहोचलेली असू द्या.